सुशीलेचा दुसरा बाप्तिस्मा

महाबळेश्वरहून सुटलेली एसटी आंबेनळी घाटात शिरली तेव्हा बाकीचे प्रवासी खिडकीतून दरी पाहत होते आणि मी मनातल्या मनात भांडण पाठ करत होते. धाकट्या बहिणीला काय काय सुनवायचं, कोणत्या वचनाने सुरुवात करायची, रडायचं झालं तर केव्हा रडायचं, सगळं ठरलेलं. सुशीला पोलादपूरच्या दवाखान्यात नर्स. ती मुंबईच्या कुणा प्रचारकाकडून पुन्हा बाप्तिस्मा घेणार, ही बातमी मला साताऱ्यात आमच्या ख्रिस्ती देवळाच्या पायरीवर एका परक्या बाईने सांगितली. सख्ख्या बहिणीला सगळ्यात शेवटी कळतं, ही आमच्या घरची रीतच.

ज्यांना हा वाद ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे तान्ह्या मुलाच्या डोक्यावर पाणी घालून पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतात. एक देव, तीन व्यक्ती, ही आमची श्रद्धा. हे नवे लोक म्हणतात, नाव एकच, येशूचं. त्या नावाने आणि सबंध अंग पाण्यात बुडवून दिला तोच बाप्तिस्मा खरा, आधीचा रद्द. रद्द! शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

घाटाच्या मध्यावर ब्रेक तापले. ड्रायव्हर पाणी आणायला गेला तशी आम्ही उतरलो. करवंदांची पाटी घेऊन एक म्हातारी सावलीत बसली होती.

"कंच्या गावाला, बाय?"

"पोलादपूरला. बहीण नर्स आहे तिथे."

"नर्सबायची भन तू?" म्हातारी उठूनच उभी राहिली. "माज्या सुनंला त्यांनीच सोडवली गो. पोरगं आडवं व्हतं. देवमानूस हाय!" आणि तिने पळसाचं पान भरून करवंदं माझ्या हातात कोंबली. करवंदं गोड होती. पण ती मला मिळाली सुशीलेची बहीण म्हणून, आणि ते काही गोड लागेना. साताऱ्यात इतकी वर्षं मिशनच्या शाळेत शास्त्र शिकवते, मला वाटेत उठून कुणी आवळासुद्धा दिलेला नाही.

पोलादपूरला खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, "नर्सबाय म्हाडला (महाडला) गेल्यात. मुंबैचे पाद्रीबुवा आल्यात ना!" झालं. तशीच पुढची गाडी धरली.

महाडला उन्हाने रस्ता भाजत होता आणि बाजारात सुक्या मासळीचा वास कोंडला होता. वाटेत चवदार तळं लागलं. काठाशी उतरून मी तोंडावर ओंजळभर पाणी मारलं. माझ्या आजोबांना त्यांच्या काळी इथे पाण्याला हात लावू दिला नसता. त्या हक्कासाठी इथे माणसांनी मार खाल्ला, आणि मी आले होते पाण्यावर कोणते शब्द म्हणायचे यावरून भांडायला. क्षणभर लाज वाटली. पण तेवढ्यात पलीकडच्या घरातून पेटीचा आवाज आला आणि त्यात सुशीलेचा गळा ओळखू आला, तशी लाज पळाली.

पडवीत दहा-बारा माणसं बसली होती. प्रचारक म्हणजे ब्रदर दानिएल, काटकुळा, तरुण, इस्त्रीची पांढरी पँट घातलेला. पेटीवर त्याची बायको रूथ, नाकीडोळी देखणी आणि गळ्याने त्याहून. आणि पुढच्या रांगेत माझी सुशीला डोळे मिटून रडत होती. माझ्या वर्गात मुली जांभया देतात! आम्ही बायकांनी शिकवायचं, वचनं घोकून घ्यायची, माणूस तयार करायचा, आणि पाण्यात हात घालायची वेळ आली की बाजूला सरून पाद्रीसाहेबांना वाट द्यायची. ते एक वेळ सोसलं. पण हा कोण, आयत्या बिळावर नागोबा?

"आक्का! तू?" सुशीला धावत आली. मग वळून म्हणाली, "ताई, ही माझी आक्का." ताई! तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असलेल्या त्या रूथला ही ताई म्हणत होती. माझ्या पोटात दुखलं ते लपवायला मी पाणी मागितलं.

जेवायला तांदळाची भाकरी आणि बोय (खाडीचा मासा) होती. सुशीला वाढत होती. मधला तुकडा रूथच्या पानात गेला, डोकं ब्रदरांच्या, आणि मला शेपटी. मी शेपटी खाल्ली आणि वादाला तोंड फोडलं.

"प्रभूने स्वतः शिष्यांना तिन्ही नावांनी बाप्तिस्मा द्यायला सांगितलं. तुम्ही प्रभूपेक्षा शहाणे का?"

"नाही, आक्का," ब्रदर शांतपणे म्हणाले. त्या शांतपणाचाच मला जास्त राग आला. "पण ती आज्ञा ज्यांनी कानांनी ऐकली त्या प्रेषितांनी पुढे काय केलं? येशूच्या नावाने बाप्तिस्मा दिला. पिता हे नाव नव्हे, पुत्र हे नाव नव्हे. ते नाव येशू, हे त्यांना कळलं होतं."

"यार्देन नदीत प्रभूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पुत्र पाण्यात उभा, आत्मा कबुतरासारखा उतरतो, पिता वरून बोलतो. तिघे एकदम हजर. आणि धरून नेलं त्या रात्री बागेत प्रभूने रडून प्रार्थना केली ती कुणाला? स्वतःलाच?"

"देव एकच आहे, तो तीन रीतींनी प्रकट झाला."

"रीतीशी कुणी रडून बोलत नाही, ब्रदर. एका वचनाने दुसरं वचन पुसायचं नसतं. धन्याच्या हुकमाच्या उजेडात चाकरांचं काम वाचायचं."

"आणि आम्ही म्हणतो, चाकरांच्या कामावरून हुकूम कळतो."

रूथ मध्येच म्हणाली, "आक्का, भात घ्या ना." मी घेतला नाही. जिंकले होते असं माझं मत होतं. पण सुशीला माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

संध्याकाळच्या गाडीने आम्ही सगळे पोलादपूरला आलो; बाप्तिस्मा दुसऱ्या सकाळी तिथल्याच नदीत ठरला होता. ब्रदर आणि रूथ शेजाऱ्यांकडे उतरले. ओट्यावर आम्ही दोघीच उरलो तेव्हा मी शेवटचं हत्यार काढलं.

"तुझ्या डोक्यावर बाबांनी पाणी घातलंय, सुशीले. बाबांनी! पाद्री झाल्यावर त्यांचा पहिला बाप्तिस्मा तुझा. माझ्या डोक्यावर कुणा गोऱ्या साहेबाचा हात पडला. तू तान्ही होतीस नि मी बाकावर उभी राहून बघत होते, तेव्हापासून मी जळतेय. आणि ते तू रद्द करतेस? बाबांचे शब्द खोटे?"

सुशीला म्हणाली, "बाबांनी ओंजळ जास्तच भरली, पाणी माझ्या कानात गेलं, मी ओरडले. असंच ना?"

"असंच."

"हे तूच सांगतेस, दर नाताळला. मला काहीच आठवत नाही, आक्का. ते सगळं तुझ्यापाशी आहे. मला माझा एक हवा. एक की तीन, ते तू आणि ब्रदर बघा. मला कुणीतरी विचारावं, आणि मी हो म्हणावं, एवढंच मला हवंय."

माझं पाठ केलेलं भांडण तिथेच संपलं. तरी मी म्हणाले, "कर काय करायचं ते. मी येणार नाही."

गेले अर्थातच. सकाळी सावित्रीच्या पात्रात धोंडेच धोंडे, पाणी वाटीभर. ब्रदरांनी वर एक डोह हेरला होता. झाडांच्या सावलीत हिरवंगार खोल पाणी, आणि त्यात हातभर मासे. ब्रदर पँट दुमडून उतरणार तोच बैल घेऊन आलेला एक शेतकरी ओरडला.

"ओ बुवा, त्यात उतरू नका! देवीची कोंड (खोल डोह) हाय ती. आमी त्यातला मासा खात नाय नि पायबी घालत नाय."

"पाणी देवाचंच आहे, बाबा," ब्रदर म्हणाले.

"तेच सांगतोय ना मी!"

मला हसू फुटलं. आता हा पेचात सापडला! पण सुशीला पुढे झाली. "ब्रदर, यांच्या घरात मी बाळंतपणं करते. यांच्या कोंडीत मी उतरणार नाही."

"मग मुंबईला चला. समुद्र आहे."

"हो ना, आमच्याकडेच राहा," रूथ म्हणाली. "तिथे नर्सना कामाला तोटा नाही." माझं हसू जागच्या जागी विरलं. एकदा गेली असती तर ती परत कशाला येते!

शेतकऱ्यानेच वाट काढली. "खाली कातळापाशी मांडीभर पानी हाय, नर्सबाय. तितं काय बी करा."

मांडीभर पाण्यात माणूस बुडवायचा म्हणजे आडवाच करायला हवा. सुशीला अंगाने भरलेली, ब्रदर काडी. रूथ हात द्यायला दोन पावलं आली, शेवाळावर घसरली आणि काठाला जाऊन बसली. सुशीलेने वळून माझ्याकडे पाहिलं.

"आक्का, तू धर."

ताई नाही, आक्का. मी चपला काढल्या आणि नऊवारीसकट पाण्यात शिरले. एक हात तिच्या मानेखाली घातला, एक पाठीखाली. ब्रदरांनी विचारलं, "तुझा विश्वास आहे?" सुशीला इतक्या मोठ्याने "हो" म्हणाली की बैलांनी माना वळवल्या. मग त्यांनी त्यांचे शब्द म्हटले, येशू ख्रिस्ताच्या नावाने, तेवढेच. मी ओठ घट्ट मिटले. आमेन म्हटलं नाही. पण तिला खाली नेलं मीच आणि वर उचललं मीच. वर आली ती हसत. असं हसताना मी तिला लहानपणीही पाहिलं नव्हतं. कुणाला तरी इतकं लख्ख काही मिळावं आणि ते आपल्या हातांवरून जावं! माझा जीव नुसता जळला.

दुपारच्या गाडीने मी घाट चढले. लुगडं अजून ओलंच होतं. मुंबईचं नाव सुशीलेने एकदाही काढलं नाही, हे मनाशी घोळवत बसले. माझं मत बदललेलं नाही. तिन्ही नावं घ्यायला हवीत, हे मी कुणालाही पुराव्यानिशी सांगेन. पण तिचं तोंड डोळ्यांपुढून हलत नव्हतं, आणि हेवा बाई, हेवा काही कमी होईना. माझाही बाप्तिस्मा मला आठवत नाही. आणि मला तर तो सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही.

साताऱ्याला पोचले तर आमचे पाद्रीसाहेब फाटकातच उभे.

"झाला का हो? कोणत्या नावाने?"

"त्यांच्या. चुकीचाच झाला."

"आणि हे लुगडं ओलसर कसं? तुम्ही तिला पाण्यात धरलंत की काय! तुम्ही, शास्त्र शिकवणाऱ्या?"

"माझी बहीण आहे, पाद्रीसाहेब. धरलं नसतं तर बुडाली असती."

मांडीभर पाण्यात कोण बुडतं, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांना पाणी किती होतं ते माहीत नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही.