अप्पांच्या विरुद्ध बोली

गाडी ओळखायला तिला वडिलांनी शिकवलं ते नाकापासून. दार उघड, आत बस, काचा बंद आहेत ना बघ आणि श्वास घे, बाकीचं सगळं नंतर. फायनान्स कंपनीच्या यार्डात गाडी चालवून बघायची सोय नसते. हप्ते थकलेल्या माणसाच्या दारातून ओढून आणलेल्या त्या गाड्या. किल्ली असलीच तर कंपनीच्या कपाटात, बॅटरी बहुधा मेलेली. बॉनेट उघडा, खाली वाका, टायर दाबा आणि जशी आहे तशी घ्या. नंतर तक्रार करायला गेलात, तर खिडकीतला माणूस तुमच्याकडे असा बघतो, जणू लग्न उरकल्यावर तुम्ही जावयाचा पगार विचारायला आला आहात.

तिच्या वडिलांना सगळा बाजार अप्पा म्हणायचा. जुन्या गाड्यांच्या धंद्यात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिला मात्र बाजाराने नाव ठेवलं होतं फाइलवाली. गाड्या दुसऱ्याच्या नावावर करून देण्याचं काम ती करायची, त्यामुळे काखेत कायम फायलींचा गठ्ठा. लग्न होऊन ती दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली, तरी तिचा दिवस अप्पांच्या गाड्यांच्या अड्ड्यावरच उजाडायचा. कागद रंगवून तिचं पोट भरत होतं, मन भरत नव्हतं. तिला गाड्या घ्यायच्या होत्या, विकायच्या होत्या. "कागदाचं काम बरं तुझं, सावलीतलं," असं अप्पा म्हणत, आणि ती हो म्हणायची आणि ऐकायची नाही. मूळ त्यांचंच, दुसरं काय होणार! शेवटी साठवलेलं सगळं अनामत म्हणून भरून तिने लिलावात बोली लावायचं स्वतःच्या नावाचं कार्ड काढलं आणि फायलींच्या गठ्ठ्यात ठेवून दिलं. अप्पांना सांगायला मुहूर्त काही सापडत नव्हता.

त्याआधीच दुसरं काहीतरी बिनसलं होतं. अप्पांच्या अड्ड्यावर गाड्या साचू लागल्या होत्या. एकीचं अख्खं दार दुसऱ्या रंगाचं निघालं. लांबून पाहिलं तरी कळावं इतकं दुसरं. दुसरीचा सांगाडा मागून वाकलेला. गिऱ्हाईक यायचं, एक फेरी मारायचं आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून जायचं ते कायमचंच. अप्पा म्हणायचे, बाजार थंड आहे. बाजार थंड नव्हता. शेजारच्या अड्ड्यावर गाडी धुवायलाही वेळ मिळत नव्हता.

तिने एकदा विचारलं, "अप्पा, डोळे दाखवून येऊ या का?"

"माझे डोळे ठीक आहेत. तू तुझे कागद बघ," अप्पा म्हणाले. त्या दिवशी त्यांनी चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला आणि तो फुटला. टेबलच कुणीतरी सरकवलं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मग एका सकाळी आई तिच्या घरी आली. आई कधी न सांगता यायची नाही. खुर्चीच्या टोकावर बसून ती पदराशी चाळा करत राहिली आणि म्हणाली, "घर गहाण टाकलं गं. माझी सही घेतली. टॅक्सींचा अख्खा लॉट येतोय म्हणे लिलावात, तो एकटे घेणार आहेत. हा एक हात मारला की अड्डा पुन्हा उभा राहील म्हणतात."

"आणि तू सही दिलीस?"

"चाळीस वर्षं देत आलेय," आई म्हणाली. "तू जा त्यांच्याबरोबर. तुझं ऐकतील असं नाही, पण तू जा."

ती गेली.

आता इथे त्या यार्डातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. लिलाव दुपारचा. सकाळी सगळे व्यापारी गाड्या बघत फिरतात. कुणा जुन्या व्यापाऱ्याने एखाद्या गाडीच्या बॉनेटवर आपला रुमाल टाकून थोडा वेळ ठेवला, की ती गाडी त्याची, लॉट असला तर अख्खा लॉट त्याचा. लिहिलेलं कुठे नाही, कंपनीला ठाऊकही नाही. पण दुपारी त्या गाडीवर दुसरा कुणी बोली लावत नाही. कंपनीने ठरवलेल्या किमतीच्या थोडं वर जाऊन ती त्यालाच सुटते. आज तुझा मान, उद्या माझा. या मानामुळे भांडणं टळतात हे खरं, पण मान म्हणजे काही डोळे नव्हेत.

टॅक्सी भिंतीला लागून ओळीत उभ्या होत्या, धुऊनपुसून अशा चकचकीत केलेल्या की पहिली शंका तिथेच यावी. तिने पहिलीचं दार उघडलं. अत्तराचा भपकारा आला. टॅक्सीला अत्तर कोण लावतो? ती आत बसली, दार ओढून घेतलं आणि थांबली. अत्तराच्या खालून हळूहळू दुसरा वास वर आला, ओलं पोतं कोपऱ्यात कुजावं तसा. तिने सीटखाली हात घातला. सीट सरकवायच्या पट्ट्या गंजून खरबरीत झाल्या होत्या.

या गाड्या पुरात उभ्या होत्या. पाणी प्यालेली गाडी बाहेरून कितीही नटवा, आतल्या तारा कुजत जातात, आणि महिन्या-दोन महिन्यांत ती रस्त्यात बसते ती उठत नाही. या टॅक्सी विकल्या तर घेणारे हातावर पोट असलेले ड्रायव्हर, आणि ते परत येणार ते अप्पांच्याच दारात. न विकल्या तर घर जाणार. दोन्हीकडून मरण होतं.

ती बाहेर आली तेव्हा अप्पा पलीकडच्या टॅक्सीत बसले होते. अत्तराचा वास त्यांनाही आला असणार. पण हल्ली बाराही महिने सर्दी, नाकाचा भरवसा त्यांनीच सोडला होता. त्यांनी सीटबेल्ट धरला आणि पार शेवटपर्यंत बाहेर ओढला. हे त्यांनीच तिला शिकवलेलं. गाडी धुणारे सगळं धुतात, पण गुंडाळीच्या आतला पट्टा धुवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. पाणी जिथवर चढलं तिथे पट्ट्यावर रेघ राहते. अप्पांनी तो पट्टा दोन्ही हातांत ताणून डोळ्यांसमोर धरला. ती दारात उभी होती तिथून तिला रेघ स्पष्ट दिसत होती, वर काळा, खाली मातकट, दोन्हींमध्ये वाकडीतिकडी कड. अप्पांनी नीट पाहिलं. मान हलवली. पट्टा सोडून दिला आणि तो सरसरत आत गेला.

ते हलगर्जी झाले नव्हते. त्यांनी सगळं शिस्तीत तपासलं होतं आणि त्यांना दिसलं नव्हतं.

"स्वच्छ आहे लॉट," उतरता उतरता अप्पा म्हणाले आणि त्यांनी बॉनेटवर रुमाल टाकला.

"अप्पा, पाणी गेलंय यात."

"एकूण एक पट्टे ओढून बघितलेत मी." आवाज चढला. आजूबाजूचे चार-पाच व्यापारी थांबले. त्यांत ट्रकवाले काका होते, अप्पांचे जुने सोबती. दोघांनी मिळून पहिला ट्रक विकला होता. तिने काकांकडे पाहिलं. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे, मग खिशातून तंबाखूची डबी काढली. त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं, गाड्यांचंही आणि अप्पांचंही, आणि सगळे मूग गिळून उभे होते.

तिला राग आला, इतका की कानशिलं तापली. एक वाक्य बोललं की झालं असतं. "अप्पा, तुम्हाला दिसत नाही." पण ते इथे, चारचौघात, रुमाल टाकलेल्या बॉनेटसमोर? ज्या माणसाच्या नजरेवर अख्खा बाजार गाड्या घेत आला, त्याला त्याच्याच यार्डात त्याच्याच लेकीने आंधळं म्हणायचं? आणि म्हटलं असतं तरी हट्टाला पेटून त्यांनी लॉट घेतलाच असता, हेही ती ओळखून होती. वाक्य तिने गिळलं. मग ती सावलीत जाऊन उभी राहिली आणि तिने फायलींतून स्वतःचं कार्ड बाहेर काढलं.

हिशेब साधा होता. लॉट अप्पांना मिळाला नाही, तर गहाणाचे पैसे तसेच परत करता येणार होते. बोली जिंकून पैसे भरले नाहीत, तर अनामत जप्त आणि वर्षभर यार्डात पाऊल टाकायचं नाही. शिवाय रुमालाची रीत मोडणाऱ्याला बाजार वर्षाने तरी जवळ करेल का, याचा काही नेम नव्हता. व्हायच्या आधीच तिचा धंदा बुडणार होता. तिने कार्ड उलटंपालटं केलं. असू दे, ती स्वतःशी म्हणाली. घर राहिलं पाहिजे.

दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये पंखे नुसता आवाज करत होते. अप्पा पहिल्या रांगेत बसले. हल्ली ते पहिल्याच रांगेत बसत. ती सगळ्यात मागे खांबाला टेकून उभी राहिली. टॅक्सींचा लॉट पुकारला गेला. अप्पांचं कार्ड वर झालं. शेडमध्ये कुणी हललं नाही, रुमाल सगळ्यांनी पाहिला होता. लिलाववाल्याने हातोडी उचलली, काम उरकल्याच्या चेहऱ्याने.

तिने कार्ड वर केलं.

हातोडी हवेत राहिली. खुर्च्या करकरल्या, माना वळल्या. कुणीतरी म्हणालं, "अहो, ही फाइलवाली." ते मागच्या रांगांतच विरलं. लिलाववाल्याने तिचा आकडा पुकारला. अप्पांनी मागे पाहिलं नाही, त्यांची तशी सवयच नव्हती. बोली लावणाऱ्याचं तोंड बघू नये, तोंड बघितलं की डोकं फिरतं, हाही त्यांचाच धडा. त्यांनी कार्ड पुन्हा वर केलं. तिनेही केलं. ट्रकवाले काका तिच्याजवळ सरकून कुजबुजले, "पोरी, बापावर बोली लावतेस? वेड लागलं काय?"

"तुम्ही सांगा मग त्यांना, काका. मी कार्ड खाली घेते."

काका परत आपल्या जागी सरकले.

अप्पा चढत गेले, ती चढत गेली. तिने कोपर खांबाला टेकवलं. एका गोष्टीवर तिची सगळी भिस्त होती. आकडा घरी ठरवायचा आणि लिलावात बहिरं व्हायचं, हा नियम अप्पांनी जन्मात मोडला नव्हता. आज मोडला तर? घर गहाण टाकलेला माणूस काय काय मोडेल, कुणी सांगावं? तिने पुन्हा कार्ड उचललं. लिलाववाल्याने अप्पांकडे पाहिलं. अप्पांचा हात गुडघ्यावरून थोडासा उठला आणि परत गुडघ्यावर बसला.

हातोडी पडली.

"कुणी घेतला?" अप्पांनी शेजाऱ्याला विचारलं. शेजारी खाकरला, चुळबुळला. "तुमच्या मुलीने," तो शेवटी म्हणाला.

अप्पा खुर्च्या चाचपत मागे आले. सगळी शेड वाट करून देत होती आणि तमाशाही बघत होती. तिच्यासमोर ते उभे राहिले तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "माझ्या विरुद्ध?"

"चला," ती म्हणाली, आणि त्यांचं मनगट धरून त्यांना भिंतीपाशी घेऊन गेली. सकाळी ते बसले होते त्याच टॅक्सीत तिने त्यांना बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि दोन्ही दारं लावून घेतली. आत भट्टी पेटली होती. तिने पट्टा शेवटपर्यंत ओढून त्यांच्या हातात दिला.

"रंग कसा आहे, अप्पा?"

"काळा. पट्ट्याला आणखी कसला रंग असतो?"

"वर काळा आहे. खाली मातीचा आहे. तुमच्या अंगठ्याखाली रेघ आहे."

अप्पांनी पट्टा जवळ घेतला. आणखी जवळ घेतला. काचेतून येणाऱ्या उन्हाकडे वळवला, तिरका केला, एक डोळा मिटला, मग दुसरा. शेवटी पट्टा नाकाला टेकला तेव्हा त्यांचे हात थांबले. तिने त्यांच्याकडे बघायचं टाळलं, समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. तिला रडू येत होतं आणि आत्ता रडायचं नव्हतं.

"सकाळी हाच बघितला होता मी," अप्पा म्हणाले.

"हो."

"तू उभी होतीस तिथे."

"हो."

"मग तिथेच बोलायचं होतंस."

"सगळे होते ना, अप्पा."

त्यांनी पट्टा सोडला. मग दाराची कडी दोनदा चाचपून उघडली आणि ते उतरले. बाहेर व्यापारी जमले होते, ट्रकवाले काका सगळ्यांत पुढे. त्यांनी घाईघाईने सुरुवात केली, "अप्पा, पोरीचं मनावर घेऊ नका. तिला रीत माहीत नाही. आम्ही आजवर तुमचा मान राखलाय, पुढेही राखू."

"मला दिसत नाही," अप्पा म्हणाले. मोठ्याने, गाडीचा भाव सांगावा तसं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

काकांची डबी अर्धी उघडी राहिली.

"कधीपासून?"

"अप्पा, तुम्हाला कोण सांगणार?" काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर कापत होता. "आमच्याने तोंड उघडवेना."

"हं. मान राखलात." अप्पांनी मान डोलावली. "तुम्हाला नुसतं तोंड उघडायचं होतं, ते जमलं नाही. हिनं अनामत घालवून सांगितलं."

एवढं बोलून त्यांनी हात पुढे केला, ती उभी असेल असं वाटलं त्या बाजूला. ती दुसऱ्या बाजूला होती. गाडीला वळसा घालून ती आली आणि तिने तो हात धरला.