सांगडीचं नाक आणि जावयाचा मान

आम्ही शेतकरी माणसं, दर्यावर्दी वगैरे कुणी नव्हतो. पण सावित्रीच्या काठी राहायचं आणि दासगावला जाऊन एस.टी. पकडायची, म्हणून घरात एक सांगड होती. दोन लहान होड्या, त्यांना जोडणारे बांबू, वर फळ्या आणि बारदानाचं शीड. गवत, भात, रेडकू, सगळं तिच्यावरून जायचं. ती हाकायला दोघं लागत, एक सुकाणूला आणि एक शिडाच्या दोरीला. लहानपणापासून ते दोघं म्हणजे मी आणि माझी आक्का.

सांगडीला एक खोड होती. वारा पाठीमागून जोरात आला की ती दोन्ही नाकं पाण्यात खुपसायची. मग वजन मागे घ्यायचं आणि दोरी सैल सोडायची. एवढं आमच्या रेडकालाही कळत होतं.

पण दाजींना सांगणार कोण? दाजी म्हणजे आक्काचे नवरे. मुंबईला गोदामात मुकादम, अंगानं भक्कम आणि मानाच्या बाबतीत त्याहून भक्कम. शिमग्याच्या पंगतीत पहिलं पान दुसऱ्याला वाढलं, म्हणून हे गृहस्थ आक्काला आमच्याकडेच ठेवून तडक निघून गेले होते. पावसाळा सरला, भात कापून झालं, तेव्हा कुठे न्यायला आले. आक्का तोंडानं काही बोलत नव्हती, पण तेवढ्या महिन्यांत ती पार सुकून गेली होती. बाबांनी मला बजावलं, "या टायमाला मानपानात काय कमी पडलं, तर पोरगी जल्मभर इथंच ऱ्हायची."

आमच्याकडे जावई बैलगाडीतही पुढे बसतो. म्हणून दासगावला निघताना सांगडीवरही बाबांनी त्यांना पुढेच बसवलं, खाली घोंगडी घालून. मी म्हटलं, "बाबा, मागं…" बाबांनी काठावरूनच असे डोळे वटारले की मी मुकाट्यानं सुकाणू धरलं. आक्का डोक्यावर पदर घेऊन दोरीला बसली.

अर्ध्या वाटेत वारा पाठीमागून वाढला. पुढच्या फळ्यांवर पाणी यायला लागलं. मी आपला अदबीनं म्हणालो, "दाजी, जरा मागं सरता काय? इथं सावली हाय."

"मी हाय तिथं बरा हाय."

मग एक झोत आला आणि दोन्ही नाकं खाली गेली. मागची बाजू माझ्यासकट वर उचलली गेली, सुकाणू हवेत. आक्कानं दोरी सोडली, तरी नाकं वर येईनात, कारण दाजी तिथेच बसले होते. घोंगडी वाहून गेली. दाजी कमरेपर्यंत भिजले, पण हलेनात. भीतीनं की मानानं, देव जाणे.

तेवढ्यात आक्का ओरडली. "अहो" नाही, "ऐकलंत का" नाही. नवऱ्याचं नाव घेऊन, खणखणीत, आणि वर "मागं ये रे, मेल्या!" लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

दाजी रांगत मागे आले. नाकं वर आली, सांगड सावरली.

आक्का ओला पदर पिळत खाली बघत बसली. मला बुडण्याची वाटली नव्हती एवढी भीती आता वाटली. झालं, आता हिला कोण नेतो!

दासगावचा धक्का दिसायला लागला तसा दाजींनी घसा खाकरला. मला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू म्हणाले, पण पाण्यावर सगळं ऐकू येतं.

"परत एकदा घे की."

"काय?"

"नाव."

आक्कानं दोरी हातात घेतली. "गप बसा मागं," ती म्हणाली. "परत बुडायला लागलात की घेईन."