जिभेखाली चार थेंब

फॉर्ममधला एक प्रश्न असा होता: रुग्णाच्या घरात कोणाला नशेची सवय आहे किंवा होती का? मी ‘नाही’ निवडलं. काका तापीच्या पलीकडे जैनाबादला राहतात, म्हणजे ते आमच्या घरातले नाहीत, अशी मी स्वतःची समजूत घातली. वर्षानुवर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात बसून मला एवढं जमायला लागलं आहे. शब्दाच्या आड लपता येतं.

बाबांचा कॅन्सर हाडांत उतरला होता. इंदूरच्या डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. दोन दिवस त्यांनी त्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी ते मला आई समजून माझ्याशी बोलत राहिले, आणि भानावर आल्यावर ते समजताच गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात ठेवून म्हणाले, “ही नशेची गोळी आहे. दुखलं तर दुखू दे. मी नशा करून जाणार नाही.” बाबा गणिताचे शिक्षक. एकदा उत्तर आलं की ते पुन्हा तपासत नसत.

नशा या शब्दावरून बावीस वर्षांपूर्वी आमच्या घरातून एक माणूस गेला होता. माझे काका, बाबांचे एकुलते धाकटे भाऊ. मला बघायला खंडव्याची मंडळी आली होती. कांदेपोहे झाले, प्रश्न झाले, आणि गच्चीवरून गांजाचा वास खाली बैठकीत आला. काका वर चिलीम ओढत बसले होते. मंडळी उठून गेली ती गेलीच. बाबांनी संध्याकाळच्या आत काकांची पिशवी ओट्यावर ठेवली. “तुझ्यापायी पोरीचं लग्न मोडलं,” एवढंच ते बोलले. मला ते स्थळ नको होतं. मुलाचे वडील माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे बघून हसले होते तेव्हाच मी मनातून नकार दिला होता. हे मी त्या दिवशी बोलले असते तर काका कदाचित राहिले असते. मी स्वयंपाकघरात कपबशा विसळत राहिले. पुढे माझं लग्न झालंच नाही, आणि त्याचंही खापर काकांवर फुटत राहिलं.

भांगेच्या, म्हणजे गांजाच्याच झाडाच्या, पानांपासून केलेलं आयुर्वेदिक तेल मिळतं, त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागते आणि ती चिठ्ठी आता मोबाईलवरही मिळते, हे मी वाचून काढलं होतं. आठवडाभर वाचत होते. रिपोर्टांचे फोटो पाठवले, फॉर्म भरला, वेळ मिळाली. डॉक्टर तरुण होत्या, कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या, हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी रक्तदाब विचारला, हृदयाचं विचारलं, बाकीच्या सगळ्या गोळ्या एकेक करून कॅमेऱ्यासमोर धरायला लावल्या. मग म्हणाल्या, “मरीज़ को दिखाइए. उनसे बात करनी पड़ेगी.”

मला ते अपेक्षित होतं. म्हणून आधीच मी बाबांच्या कानातलं मशीन चार्जिंगच्या नावाखाली काढून ठेवलं होतं.

बाबांनी पडल्या पडल्या पडद्यावरच्या डॉक्टरांना हात जोडले. त्या मोठ्यानं आणि अदबीनं म्हणाल्या, “अंकल जी, यह दवा भांग की पत्ती से बनती है. आप लेने को तैयार हैं?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, “विचारताहेत, फार दुखतं का?”

बाबांनी मान हलवली. हो.

“ठीक है,” डॉक्टर म्हणाल्या, आणि चिठ्ठी दहा मिनिटांत आली. दोन थेंबांपासून सुरुवात, हळूहळू चारपर्यंत, जिभेखाली, मग एक मिनिट तोंड मिटून बसायचं. चक्कर आली किंवा भ्रम झाला तर लगेच फोन करायचा. त्या बाईंनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. जे काही केलं ते मी.

पार्सल मी कॉलेजच्या पत्त्यावर मागवलं. बाबा औषधाचं प्रत्येक खोकं भिंग लावून वाचत, अगदी तळाशी छापलेल्या बारीक ओळीपर्यंत. म्हणून तेल एका साध्या काचेच्या बाटलीत ओतलं आणि खोकं कॉलेजच्या कचरापेटीत फाडून टाकलं. घरी आल्यावर बाबांनी विचारलंच, “हे काय?”

तयार ठेवलेलं उत्तर मी विसरले आणि तोंडातून निघून गेलं, “इच्छादेवीच्या दिव्याचं तेल आहे, बाबा. इच्छापूरहून आणवलं.”

बाबा देवळात फार जाणारे नव्हते, पण प्रसाद त्यांनी कधी नाकारला नाही. दिव्याचं तेल आमच्याकडे दुखऱ्या सांध्याला चोळतात. पोटात घेतात असं मी कधी ऐकलेलं नाही, आणि त्यांनीही ऐकलेलं नसणार. तरी त्यांनी बाटली कपाळाला लावली आणि तोंड उघडलं.

पाचव्या दिवशी ते सलग झोपले. आठव्या दिवशी वरणभात मागून खाल्ला. दुखणं गेलं नव्हतं, पण ते आता त्याच्याकडे बघत पडून राहत नसत. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण बाबा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले. “देवीचं तेल. माझ्या पोरीनं आणलं.” शेजारच्या काकू वाटी घेऊन आल्या. “बेटा, थोडं माझ्या गुडघ्यालापण दे ना गं.” मी त्यांना स्वयंपाकघरातलं तिळाचं तेल दिलं. दोन दिवसांनी त्या दारातूनच ओरडल्या, “पावली गं देवी! जिना चढले आज!” बाबा पलंगावरून हसले. ते हसताना मी फळीवरच्या डब्यांची झाकणं घट्ट करत होते, जी आधीच घट्ट होती.

मग एका सकाळी ते म्हणाले, “त्यालाही नेऊन दे थोडं.”

“कोणाला?”

“जैनाबादला.” नाव त्यांनी घेतलं नाही. “त्याला म्हणावं, भावानं पाठवलंय. देवीचं आहे. सुटेल त्याचं व्यसन.” मग पांघरूण सारखं करत, “आणि म्हणावं, येऊन जा.”

बावीस वर्षांत हे पहिलं बोलावणं होतं. मी एका छोट्या बाटलीत तेल घेतलं आणि रिक्षानं पूल ओलांडला.

काका एका केळीच्या बागेत राखणीला असतात. बागेच्या तोंडाशी त्यांची खोली आहे. मला पाहून त्यांनी खाटेवरची चादर झटकली. “बस, माय. भाऊ गेला का?”

“नाही काका. त्यांनी हे पाठवलंय.” मी निरोप सांगितला, शब्द न् शब्द.

काकांनी बाटलीचं बूच काढलं. वास घेतला. एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेऊन जिभेला लावला, आणि माझ्याकडे बघत राहिले.

“देवीचं?”

“बाबा तसं म्हणतात.”

“तू काय म्हणते?”

मी खाटेवरच्या चादरीची सुरकुती सरळ केली. काकांना हसू फुटलं, इतकं की ठसका लागला. “व माय! बावीस वर्षं मले गंजेडी म्हटलं, अन् आता गुरुजी सोता...” मग हसणं एकदम थांबलं. “झोप लागते का त्याले?”

“लागते.”

“जेवतो?”

“वरणभात. काल अर्धी पोळी.”

“मग बंद नको करू.” त्यांनी बूच लावून बाटली माझ्या हातात परत दिली. “मी येतो. पण देवीनं सुधारलेला म्हणून नाही येणार. त्याले सांग हे काय आहे ते. सगळं ऐकून मग बोलावलं, तर त्याच पावली येतो.”

“आणि नाही बोलावलं तर?”

“तर त्याची मर्जी. त्याची तर सवय आहे मले.”

परत येताना मी वाक्यं जुळवली. घरात पाय ठेवला तर बाबा उशीला टेकून बसलेले. “घेतलं त्यानं?”

“हो.”

“येतो म्हणाला?”

“येतो म्हणाले.”

ते अर्धं वाक्य होतं. उरलेलं अर्धं मी दुसऱ्या दिवशी सांगणार होते.

दुसऱ्या दिवशी बाबांनी न्हाव्याला घरी बोलावून दाढी करून घेतली. मला एक खुर्ची पलंगाशी ठेवायला सांगितली आणि विचारलं, “तो अजून चहात आलं घालतो का गं?” मला माहीत नव्हतं. मी आलं आणून ठेवलं. सांगायची वेळ मी ठरवली होती: थेंब दिल्यावरचं ते एक मिनिट. तेव्हा बाबांचं तोंड मिटलेलं असे, ते बोलू शकत नसत, फक्त बघू शकत. रोज मी थेंब सोडायची, घड्याळाच्या काट्याकडे बघायची, मिनिट संपायचं, आणि मी पाण्याचा पेला पुढे करायची.

बाबांना कळलं तर ते तेल सोडतील आणि पुन्हा कण्हतील, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते. ते खरंही होतं. पण तेवढंच नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी ओट्यावर उभं राहून त्यांनी काकांकडे ज्या नजरेनं पाहिलं होतं, ती नजर माझ्याकडे वळेल याची मला भीती होती. या घरात मी नेहमी चांगली मुलगी होते. ते मला सोडवत नव्हतं.

जैनाबादहून आल्याच्या अकराव्या दिवशी सकाळी बाबा गेले. शांतपणे गेले, असं सगळे म्हणाले. आदल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, “आज रविवार ना? आज येईल.”

काका आले, पण ते नेहमीच्या निरोपानं, मयताला सगळ्या नातेवाइकांना पाठवतात त्या. घाटावर पुरुष गेले. परत आल्यावर काका ओल्या कपड्यांनी दाराशीच उभे राहिले. मी पाणी घेऊन गेले तेव्हा हळू आवाजात त्यांनी विचारलं, “सांगितलं होतं?”

आत बायका बसल्या होत्या. मी मान हलवली. हो.

“बरं,” काका म्हणाले. हातावर पाणी घेतलं आणि निघून गेले. दहाव्याला आले नाहीत. तेराव्याला आले नाहीत. भावाला सगळं कळलं आणि तरीही त्यानं बोलावलं नाही, हे घेऊन ते त्या बागेत बसले असणार, हे मला पंगत वाढताना समजत होतं. मी लोकांना आणखी श्रीखंड घ्या म्हणत होते.

दीड महिन्यानं मी गेले. खाटेवर बसले आणि सगळं सांगितलं: कानातलं मशीन, दाढी, खुर्ची, आलं, रविवार. घाटावरून आल्यावर हलवलेली मान. मला वाटलं होतं काका ओरडतील, आणि मला ते हवंही होतं. काकांनी विचारलं, “रोज दाढी केली त्यानं?”

“एक दिवसाआड.”

त्यांनी केळीच्या वाफ्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, “चूक माझीच झाली, माय. पडलेल्या माणसाले कोण अट घालतं? सरळ उठून यायला पाहिजे होतं मी.”

तिथं मी म्हणायला हवं होतं की नाही काका, चूक तुमची नाही, माझी आहे, सगळी माझी. वाक्य तयार होतं. काकांनी तोंडावरून हात फिरवला आणि ते वाट बघत होते, असं मला आता वाटतं. मी चपला घातल्या आणि म्हटलं, “येते मी. रिक्षा थांबलीय.”