ईशान्येचा उतार

सासरे पुण्याहून आमच्याकडे वॉटफर्डला यायचे होते, तेव्हा त्यांना स्कॉटलंडचा हिवाळी डोंगर दाखवायचं मी फोनवरच कबूल करून बसलो. भांडवल काय, तर आदल्या वर्षी केलेला वीकेंडचा एक कोर्स. त्यात बर्फावर पडायचं कसं, ते शिकवतात. मला ते न शिकवताही येत होतं.

सासरे बँकेतून निवृत्त झालेले, पण हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढलेला माणूस. त्यांच्यासमोर आपण कुणीतरी दिसावं, ही माझी लग्नापासूनची हौस.

डोंगराच्या दिवशी सकाळी, आम्ही उतरलो होतो त्या गेस्ट हाउसच्या भिंतीवर हिमस्खलनाचा अंदाज लावलेला होता. गोल चकती, दिशांप्रमाणे रंगवलेली, आणि ईशान्येची फोड नारिंगी, म्हणजे धोक्याची. नैर्ऋत्येचा वारा बर्फ उचलून पलीकडच्या उतारावर नेऊन टाकत होता. तो तिथे नुसता टेकलेला. कुणाच्या पावलाने सुटेल याचा नेम नाही. आमची वाट बरोबर त्याच उतारावरून जाणार होती. हे मला चांगलं कळलं होतं. मी सासऱ्यांना फक्त 'नको' म्हणायचं होतं. मी म्हणालो, "बाबा, अजून एक टोस्ट घ्या."

सासरे, बायको आणि मी उताराशी पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं, बर्फ गुळगुळीत, देखणा. सासरे खुशीत.

"चला जावईबापू, पुढे व्हा. आज वाटाडे तुम्ही."

मी पाऊल टाकलं. खालून गादी आपटल्यासारखा 'धप्प' आवाज आला आणि माझ्या बुटापासून एक बारीक भेग सरसर पुढे पळत गेली. हा आवाज म्हणजे डोंगरानेच 'घरी जा' सांगणं, असं कोर्समध्ये बजावलं होतं. तरीही तोंडातून काय बाहेर पडलं?

"बाबा, माझा गुडघा."

"कुठला गुडघा?" बायको म्हणाली. "तुझा गुडघा कधी दुखत होता?"

"आत्ताच सुरू झालाय."

"असू दे गं, वय होतंच माणसाचं," पासष्टीचे सासरे माझ्याबद्दल म्हणाले आणि माझी सॅक त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली. आल्या पावलांनी आम्ही परत फिरलो. कार पार्कपर्यंत मी लंगडलो, मध्ये एकदा पायाची अदलाबदल झाली, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी फोनवरून सासूबाईंनी गरम तेलाचा शेक सांगितला, आणि सासऱ्यांनी स्वतः बसून तो दिला. त्याइतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी रस्त्यावरून दिसलं, तो उतार रात्रीत सुटला होता. वर तुटलेली कड, खाली ढेकळांचा ढीग. आम्ही तिघं गाडीपाशी उभे राहून बघत होतो.

"गुडघा पावला म्हणायचा," सासरे म्हणाले.

जन्मात एकदा मी बरोबर ठरलो होतो, आणि श्रेय चाललं होतं गुडघ्याला. राहवेना.

"गुडघा नव्हता, बाबा. मला काल सकाळीच माहीत होतं."

"हो का? मला पण लॉटरीचे नंबर माहीत होते," बायको हसली. मग मी चकती, वारा, तो आवाज सगळं सांगितलं. ती हसायची थांबली. "आणि तरी आम्हाला तिथवर नेलंस?"

"बाबांना नाही कसं म्हणायचं?"

"अहो, मी कर्ज खात्यात होतो," सासरे म्हणाले. "जन्मभर लोकांना नाही म्हणत आलो. मला ऐकायला काय होतंय?"

गेस्ट हाउसवर परतल्यावर त्यांनी मला त्या चकतीसमोर उभं केलं. "आजचं वाचा."

चकतीत आज नारिंगी जास्तच होतं. "आज डोंगरावर जायचं नाही," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला. शेजारच्या टेबलावरचं जोडपं वळून बघायला लागलं. सासऱ्यांचा चेहरा एवढासा झाला. "थोडं वरपर्यंत जाऊ या का मग?" हे माझ्या जिभेवर आलंच होतं, तेवढ्यात बायकोने माझ्या पायावर पाय दिला.

आम्ही तळ्याकाठी फिरायला गेलो. सासरे पुढे, हात मागे बांधून. जेवणापर्यंत ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.