बॉयलर सूटच्या चिंध्या

गेल्या महिन्यात उस्मानपुऱ्यातल्या माझ्या मित्राचा फोन आला. विद्यापीठाच्या नामविस्तार दिनाच्या कार्यक्रमात माझा सत्कार ठरला होता. शाल, नारळ आणि माझ्याविषयी दोन शब्द. ते दोन शब्द तोच बोलणार होता, आणि काय बोलणार हे मला पाठ होतं. कारण लग्नात, मयतीत, बसस्टँडवर, जिथं माणूस भेटेल तिथं तो माझी ओळख तशीच करून देत आला आहे. "हा माणूस! लोक दारं लावून बसले होते ना, तेव्हा यानं अख्ख्या डोंगराला निळ्या पट्ट्या बांधल्या."

पट्ट्या मी बांधल्या, एवढं खरं आहे. बाकी काहीच खरं नाही.

आम्ही तिघं चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कामाला होतो. मी स्टोअरमध्ये क्लार्क. घरात आजोबांपर्यंत भिक्षुकी, वडिलांपासून कारकुनी. त्यामुळे हातात पेन आणि डोक्यात साहेबाची भीती हा माझा वारसा. उस्मानपुऱ्यातला मित्र टर्नर होता, नामांतराच्या चळवळीत दोनदा आत जाऊन आलेला. तिसरा लासूर स्टेशनकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, पॅकिंगमध्ये. तो मला 'देवा' म्हणायचा, कारण त्याच्या गावात माझ्या जातीच्या माणसाला तसंच म्हणत. टर्नर मला 'यार' म्हणायचा. रविवारी सकाळी आम्ही लेण्यांच्या डोंगराकडं पळायला जात असू. म्हणजे ते दोघं पळत. माझ्या पळण्याला तिसरा म्हणायचा, "देवा, म्हैस सुटल्यावर मालक जातो तसं चाललंय तुमचं."

ती वर्षं विचित्र होती. वाळूजकडं शेडमागून शेड उभी राहत होती. खेड्यातली पोरं सायकलवरून येऊन गेटवर रांगा लावत होती. आणि त्याच शहरात विद्यापीठाच्या नावावरून घरं जळाल्याच्या बातम्या येत. विधिमंडळाचा ठराव होऊन वर्षं लोटली होती, पाटी मात्र तीच होती. मोर्चा निघाला की शिफ्टला माणसं कमी पडत. मग औद्योगिक वसाहतीतल्या चार-पाच कारखान्यांच्या साहेबांना वाटलं, कामगारांचं लक्ष खेळाकडं वळवावं. त्यांनी एक लांब पल्ल्याची डोंगर-दौड ठरवली. लेण्यांच्या पायथ्यापासून निघायचं, सारोळ्याच्या जंगलातून डोंगरमाथ्यावरच्या एका वस्तीवर जायचं आणि दुसऱ्या बाजूनं खाली उतरायचं. मला कमिटीत घेतलं, कारण सामान माझ्या ताब्यात होतं.

त्याच सुमाराला टर्नरनं मला विचारलं होतं, "यार, शनिवारी धरणं आहे. एक तास येऊन बस. बोलू नको काही. नुसता बस."

मी म्हणालो, "शनिवारी घरी सत्यनारायण आहे."

"मागच्या वेळेला पण होता."

"देवाकडं लई काम असतं रे," तिसरा म्हणाला.

टर्नर हसला नाही. त्यानंतरच्या रविवारी तो पळताना वळणावर थांबला नाही. एरवी तो तिथं थांबायचा, मी धापा टाकत पोचलो की, "आली का गाडी?" असं म्हणायचा आणि मगच पुढं निघायचा. आता मी पोचेपर्यंत वळणावर कोणी नसे. माझे मित्र मोजकेच होते आणि त्यातला हा एक माझ्या हातून चालला होता, हे मला कळत होतं. तरीही धरण्यावर बसायची हिंमत होत नव्हती. साहेबानं पाहिलं तर, शेजाऱ्यांनी पाहिलं तर, आणि बायकोनं पाहिलं तर, अशी माझ्या भीतीची उतरंड होती. बायको सगळ्यात वर.

दौडीची वाट चुन्याचे बाण काढून दाखवायची असं कमिटीनं ठरवलं होतं. चुन्याची गोणी मी आठवडाभर आधी काढून ठेवली, आणि शेडबाहेर ठेवली. शुक्रवारी रात्री पाऊस आला. सकाळी गोणीत चुना नव्हता, धोंडा होता. दौड दुसऱ्या दिवशी. कमिटीला सांगितलं असतं तर स्टोअर सांभाळणाऱ्याला एक गोणी सांभाळता येत नाही हे सिद्ध झालं असतं. मी इकडंतिकडं पाहिलं. कोपऱ्यात शिंप्यानं टाकलेलं पोतं होतं. कामगारांचे बॉयलर सूट शिवून उरलेल्या कपड्याच्या चिंध्या, मशिनी पुसायला ठेवलेल्या. गर्द निळ्या. मी पोतं उचललं, कारखान्याच्या जीपमध्ये टाकलं आणि संध्याकाळपर्यंत सारोळ्याच्या जंगलात झाडाझाडाला चिंध्या बांधत फिरलो. धावड्याला, पळसाला, सागाला. मागं वळून पाहिलं तर वाट छान दिसत होती. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

त्या वर्षांत या शहरात निळा रंग पाहून ज्याच्या मनात काहीच येत नव्हतं, असा माणूस आमच्यासारख्या घरातच जन्मू शकत होता. मला तो युनिफॉर्मचा रंग वाटला. खरोखर एवढंच वाटलं.

सकाळी दौड सुटली. तरणी पोरं पहिल्याच चढावर दिसेनाशी झाली. आम्ही तिघं मागं. टर्नर त्या दिवशी आमच्यासोबत होता तो तिसऱ्यासाठी, माझ्याशी बोलत नव्हता. जंगलात शिरलो आणि पहिल्या धावड्यापाशी तो थबकला. चिंधी हातात धरून पाहिली. पुढच्या झाडाकडं पाहिलं, त्याच्या पुढच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"हे तू बांधलंस?"

मी हो म्हणालो.

"चुना का नाही टाकला?"

चढ संपता संपता माणसाला जेवढा दम लागतो तेवढा मला चढ सुरू होतानाच लागला होता. 'गोणी भिजली' हे दोन शब्द तोंडातून निघेनात. मी हातानंच 'जाऊ दे' अशी खूण केली.

त्यानं त्या खुणेचा काय अर्थ घेतला हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तो जवळ आला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "क्या यार! सांगायचं तरी!"

त्या थापेनं मी पुढं तीनचार पावलं आपोआप पळालो. सांगायची वेळ तीच होती. पण किती दिवसांनी तो माझ्याशी बोलला होता. म्हटलं, माथ्यावर पोचल्यावर सांगू.

पुढं एका फाट्यावर चिंध्या संपल्या. मी बांधल्या होत्या, मला पक्कं आठवत होतं. खालच्या गावाच्या बाजूची सगळी झाडं बोडकी. एका फांदीला नुसती गाठ राहिली होती, कापड फाडून नेलेलं.

"वाऱ्यानं उडाल्या असतील," मी म्हणालो.

"वारा गाठ ठेवून कापड नेत नाय," टर्नर म्हणाला. "काढल्यात. बघितल्यात आणि काढल्यात." आणि माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू मी लढाईवर जाऊन आलो होतो.

सगळ्या पुढच्या पोरांनी तिथं चुकून सरळ गाडीवाट धरली होती. ती खुलताबादच्या रस्त्याला लागली आणि दुपारी दुधाच्या टेंपोतून परत आली, हे नंतर कळलं. मला मात्र वाट माहीत होती. आम्ही वर वळलो. अशा रीतीनं आयुष्यात प्रथमच मी एका शर्यतीत सगळ्यांच्या पुढं होतो, आणि ते मला माहीत नव्हतं.

माथ्यावर घाणेरीच्या झुडपांतून बाहेर आलो तर समोर सगळी वस्ती उभी. बाया, म्हातारे, लेकरं. पाण्याच्या घागरी मांडलेल्या, परातीत पोहे झाकलेले, एकजण हलगी शेकत बसलेला. वस्तीवरच्यांनी आदल्या संध्याकाळी निळ्या पट्ट्या पाहिल्या होत्या आणि समजले होते, की विद्यापीठाकडं निघालेला पायी मोर्चा त्यांच्या वाटेनं येतोय. रात्रीतून त्यांनी तयारी केली होती.

"जयभीम!" सगळे एकदम म्हणाले.

"जयभीम!" टर्नर म्हणाला.

"रामराम, रामराम," तिसरा म्हणाला आणि परातीकडं गेला.

मी दोन्हींच्या मध्ये कुठंतरी अडकलो आणि नुसते हात जोडले.

एक म्हातारी पुढं आली. "मोर्चा किती मागं हाय बाबा?"

टर्नरनं क्षणभर माझ्याकडं पाहिलं. मग तिला म्हणाला, "मावशी, मोर्चा नाय. कारखान्याची पळायची शर्यत हाय. पण ह्या पट्ट्या ह्यानं बांधल्यात. एकट्यानं. कुणाला न सांगता."

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. घामानं भिजलेला बनियन, त्यातून दिसणारं जानवं. ते तिनं पाहिलं हे मी पाहिलं.

"आमच्यासाठी बांधल्या व्हय?"

मी कमरेवर हात ठेवून वाकलो होतो. श्वास घेताना माझं डोकं खालीवर होत होतं. सुरुवातीला तो नुसता श्वासच होता, हे मी शपथेवर सांगतो. पण तिचा चेहरा उजळला, हलगी वाजायला लागली, आणि त्यानंतर मी एकदा मुद्दाम मान हलवली. ती एकच. बाकीच्या फुप्फुसांच्या होत्या, ती माझी होती.

"देवा, पोहे खा, गार होतील," तिसरा तोंड भरून म्हणाला.

दौड रद्द ठरली. सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. निळं का बांधलं, कोणाच्या सांगण्यावरून बांधलं? मी गोणीपासून सगळं खरं सांगितलं. साहेबांनी माझं आडनाव मनात म्हटलं असावं, कारण ते लगेच हसायला लागले. "तुम्हाला खरंच सुचलं नाही?" मी म्हणालो, "नाही साहेब." चुन्याचे पैसेही कापले नाहीत.

बाहेर टर्नर आणि त्याच्या खात्यातले सातआठ जण उभे होते. "काय म्हणाले?"

"जे होतं ते सांगून टाकलं," मी म्हणालो.

हे वाक्य अक्षरशः खरं होतं. टर्नरनं मला मिठी मारली. आत खरं बोलून नोकरी वाचवली, बाहेर तेच खरं बोलून मित्र. इतकं कसबी काम मी स्टोअरमध्ये कधी केलं नाही.

पुढच्या रविवारी तो वळणावर थांबला होता. त्यानंतर आयुष्यभर थांबत आला. माझ्या मुलीच्या लग्नात तो मांडवात पहाटेपासून होता. मी मात्र एकदाही धरण्यावर गेलो नाही, आणि त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. त्याला वाटे, हा आपल्या पद्धतीनं करतो.

सत्काराचा फोन आल्यावर मी आधी तब्येतीचं कारण शोधलं, मग गावाला जायचं ठरवलं, मग तिसऱ्याला फोन केला. तो आता लासूरलाच असतो. सगळं ऐकून म्हणाला, "आता कशाला सांगता देवा? शाल घ्या अन् गप बसा. थंडी लई हाय."

मी रिक्षा करून उस्मानपुऱ्यात गेलो. टर्नर खुर्चीत बसून टीव्ही पाहत होता. मी गोणीपासून सुरुवात केली. केबिनपर्यंत आलो तेव्हा त्यानं टीव्ही बंद केला.

"म्हणजे स्टोअरमधल्या चिंध्या?"

"हो."

"अन् त्या म्हातारीसमोर?"

"दम लागला होता. शेवटची मान सोडून."

त्यानं रिमोट टेबलावर पालथा ठेवला. मला वाटलं होतं हसेल, किंवा शिवी देईल. दोन्हींची तयारी करून आलो होतो.

"तुला एक सांगू?" तो म्हणाला. "नामविस्ताराच्या वेळी गावाकडं माझ्या भावाचं घर जाळलं, तेव्हा माझा पोरगा कॉलेजात होता. पेटला होता. म्हणायचा, एकेकाला बघून घेतो. मी त्याला दारात अडवला. म्हटलं, सगळे तसे नसतात, पट्ट्या बांधणारा तुझा काका बघ. रात्रभर तुझंच सांगत बसलो. तुझ्या गोष्टीवर थांबला तो."

"सत्कार रद्द कर," मी म्हणालो.

"शाल बिल राहू दे," तो म्हणाला. "मला सांगितलंस, ठीक आहे. माझं मी बघतो. पण त्याला तू सांग. मी नाय सांगणार."

आणि त्यानं आतल्या खोलीकडं तोंड करून हाक मारली.

मुलगा बाहेर आला. केस पिकलेले, चष्मा कपाळावर. मला पाहून वाकला, पायाला हात लावायला. मी त्याचे हात मध्येच धरले.

"बस," मी म्हणालो. "आधी ऐकून घे."