बाल्कनीतला डबा

माझा तिळाच्या वड्यांचा डबा वहिनींनी झाकण न उघडता बाल्कनीत नेला. बिअरच्या क्रेटवर ठेवला. "थंडीत छान राहतील गं," म्हणाल्या. फ्रीज भरला की जर्मनीत सगळेच बाल्कनी वापरतात. पण इतर बायकांचे डबे टेबलावर होते. उघडे.

२००९चा जानेवारी. डार्मश्टाटमधली मोजकी मराठी माणसं वहिनींकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमली होती. मी तिथल्या विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएचडी करत होते. मराठी बोलायला गावात मला दुसरा उंबरा नव्हता. त्याच संध्याकाळी अमेरिकेचा पहिला कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष शपथ घेणार होता, म्हणून टीव्ही सुरू होता.

प्रयोगशाळेची सवय, मी कारण तपासू लागले. गेल्या संक्रांतीला याच वड्या वहिनींनी मागून घेतल्या होत्या. तीळ तेच, गूळ तोच, हात तेच. बदल एकच. डिसेंबरात त्या माझ्या खोलीवर आल्या होत्या. आडनावावरून जे कळलं नव्हतं, ते भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या तसबिरीवरून कळलं. त्या दिवशी चहाही घेतला नाही. निष्कर्ष स्पष्ट होता, सिद्ध मात्र करता येत नव्हता. थंडी खरीच होती. चीड त्याचीच.

शपथ सुरू झाली. वहिनींचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो, उठून उभे राहिले. डोळे पुसले. "शतकांचा कलंक धुतला गेला आज." मग माझ्याकडे वळून, हसून म्हणाले, "आज तर तुझ्यासारख्यांचा दिवस. घे, पेढा घे."

"माझ्यासारख्यांचा म्हणजे कुणाचा, दादा?"

"अगं, म्हणजे... आपण कुठे मानतो हे सगळं?"

मी बाल्कनीचं दार उघडलं. डबा आणला, टीव्हीसमोर मधोमध ठेवला, झाकण काढलं.

"मग एक वडी घ्या."

दादांनी वहिनींकडे पाहिलं. पडद्यावर टाळ्या चालल्या होत्या.

"आत्ता पोटं भरलीत गं सगळ्यांची," वहिनी म्हणाल्या. "घेऊन जा. उद्या तुझ्या लॅबमधल्या जर्मनांना दे."

पेढा बशीतच ठेवून मी डब्यासह जिना उतरले. सात समुद्रांपलीकडची समता या घराला परवडत होती. तिला टेबलावर जागा द्यावी लागत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती तसबीर मी प्रयोगशाळेतल्या माझ्या टेबलावर ठेवली. दारातून दिसेल अशी. यापुढे माझी ओळख तिथूनच सुरू होईल. मराठीवाचून राहावं लागलं तर राहीन. पण माझा डबा जिथे उघडला जात नाही, तिथल्या टाळ्यांत माझे हात नसतील.