हीटरवर वाळवलेली टोपी

बाजारपेठेत तिला सगळे मिरची म्हणत, तेही तोंडावर. बायकांच्या थंडीच्या टोप्यांचं तिचं दुकान जेमतेम एका खोलीचं, पण आत आलेल्या गिऱ्हाइकाने आधी बोलणी खायची, मग टोपी घ्यायची. "शेंड्याला काय धरता? कडेला धरा, दोन्ही हातांनी! मांजराचं पिल्लू आहे का ते?" गोल चेहऱ्याच्या बाईने घट्ट टोपी उचलली की ही सरळ हिसकावून घेई. "ही नको. भोपळा दिसाल." बाया तणतणत जात आणि पुढच्या थंडीत परत येत, कारण तिने निवडलेली टोपी शोभायची म्हणजे शोभायचीच.

नवरा मात्र दुसरीबरोबर गेला तो गेलाच. त्याचं तिला सोयरसुतक नव्हतं, गेला खड्ड्यात! पण आठ-नऊ वर्षांची लेक दर रविवारी बापाकडे जाई आणि परतली की त्या दुसरीचीच टकळी. मावशी असं म्हणाली, मावशीने तसं केलं. ऐकून मिरचीच्या अंगाची लाहीलाही होई. त्या बयेने नवरा नेला, आता पोरगीही नेणार, या धास्तीने तिला घास गोड लागत नसे.

आणि एके दिवशी ती सटवी चक्क दुकानात उभी!

"ह्यांनीच पाठवलं," ती गोड हसत म्हणाली. "म्हणाले, टोपी घ्यावी तर तिच्याकडूनच."

"अजून माझ्यावाचून अडतं वाटतं त्यांचं," मिरची म्हणाली आणि फळीकडे वळली. वरची पिवळी द्यावी, चांगलं बुजगावणं दिसेल, असं तिच्या मनात होतं. पण हात ऐकतील तर शपथ! लांबट चेहरा, अरुंद कपाळ बघून हातांनी आपसूक गडद लाल, खाली वळलेल्या कडेची, दाबलेल्या लोकरीची टोपी काढली. मेली आरशात सुंदर दिसत होती. मिरचीला स्वतःचीच बोटं मोडावीशी वाटली.

"बर्फात भिजली तर हो?" सटवीने विचारलं.

आता जीभ कामाला आली. "त्यात काय! हीटरवर ठेवून द्यायची. नव्यासारखी होते."

खरं म्हणजे अशी टोपी भिजली की झटकून पालथ्या वाडग्यावर बसवायची आणि हीटरपासून लांब, तिची तिला वाळू द्यायची. धग लागली की लोकर आकसते. हे ती एकेका गिऱ्हाइकाला दटावून सांगे. त्या संध्याकाळी मात्र ती भांडी घासताना एकटीच खुदखुदत होती.

मग बर्फ पडला. पुढच्या रविवारी लेक दारात आली, ती डोक्यावर लाल टोपी घालून.

"कुणी दिली?" मिरचीचा आवाज चढला.

"मावशीने. तिला होईना, मला बघ कशी बसली! कानसुद्धा झाकतात. तू दिलेली निळी टोचते." पोरगी आरशासमोर गिरकी घेत होती. "आणि मावशीने निरोप दिलाय. आईला सांग म्हणाली, हीटरवर अगदी छान वाळली."

म्हणजे भवानीला सगळं कळलं होतं.

"काढ ती आधी."

"नाही!" पोरीने दोन्ही हातांनी टोपी धरली. शेंड्याला नाही, कडेला, आईने शिकवलं होतं तशी. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "आई, तू तर सगळ्यांना हीटरपासून लांब ठेवायला सांगतेस. मग मावशीलाच असं का सांगितलंस?"

अख्ख्या बाजारपेठेला पुरून उरणारी ती जीभ टाळ्याला चिकटून बसली. पोरगी टोपी न काढता उत्तराची वाट बघत होती.